प्रशिया म्हणजे नेमकं कुठं?

१८७० च्या अमेरिकी खानेसुमारीचं एखादं पान उघडावं. विस्कॉन्सिनमधली कुठलीही टाउनशिप चालेल. डावीकडे घराचा क्रमांक, मग नाव, वय, धंदा, जमिनीची किंमत आणि त्यापुढे जन्मस्थानाचा रकाना. त्या रकान्यात पहिल्या ओळीला कारकुनानं 'प्रशिया' लिहिलेलं असतं आणि खाली पानभर नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. आज शिकागोत किंवा सेंट लुईसमध्ये बसून कुणी आपल्या खापरपणजोबांचा माग काढत असेल, तर त्याच्या शोधाची गाडी हमखास या शब्दापाशी अडते. कारण प्रशिया हे एक अवाढव्य राज्य होतं. पश्चिमेला ऱ्हाईनच्या पलीकडे जाणारं आणि पूर्वेला आज रशियाच्या ताब्यात असलेल्या कॅलिनिनग्राडच्याही पुढे पोचणारं. 'प्रशियात जन्मला' हे वाक्य 'हिंदुस्थानात जन्मला' याच्याहून फार वेगळं नाही.

अडचणीचं मूळ जर्मनीतल्या दप्तरांच्या रचनेत आहे. १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एकसंध देशच नव्हता. राज्यं, डची म्हणजे ड्यूकांच्या जहागिऱ्या, स्वतंत्र शहरं असा पसारा होता. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी प्रशियात ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या साम्राज्यात जानेवारी १८७६ पासून सुरू झाल्या. ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर फ्रेंचांच्या अमलामुळे त्या पाऊणशे वर्षं आधीच आल्या, पण तो अपवाद. बाकी सगळीकडे जन्म, लग्न, मृत्यू लिहिले ते चर्चनं, आणि प्रत्येक चर्चनं आपापल्या वहीत. या वह्यांची सगळ्या देशाची मिळून एक नामसूची नाही. 'हाइनरिख म्युलर, जन्म १८३१' एवढ्या माहितीवर जर्मनीत कुठल्याही दारात उभं राहता येत नाही. गाव सांगा, मग बोलू, असा तिथला रोकडा व्यवहार आहे.

आपल्याकडे आडनावाला 'कर' चिकटला की निदान एक गाव हाती लागतं. जर्मनमध्ये हेच काम शेवटचा 'अर' करतो: ओपनहायमर, फ्रँकफुर्टर, न्युर्नबर्गर. पण अमेरिकेला गेलेल्यांत भरणा होता तो धंद्यांवरून पडलेल्या आडनावांचा. पिठाची गिरणीवाला म्युलर, लोहार श्मिट, शिंपी श्नायडर, आणि असे लोक गावोगाव. शिवाय पाटणकरांनी पाटण सोडून जशा पिढ्यान् पिढ्या लोटलेल्या असतात, तसंच ओपनहायमरांचंही. आडनावातलं गाव १८५० सालचं गाव असेल, याची खात्री कुणी देऊ नये.

तरीही तो 'प्रशिया' शब्द अगदीच मुका नसतो, मात्र त्याला एकट्याला विचारून भागत नाही. एकाच माणसाच्या सगळ्या खानेसुमाऱ्या शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. १८६० ला 'हॅनोव्हर', १८७० ला 'प्रशिया' आणि १९०० ला 'जर्मनी' असं दिसलं, तर कारकून बेफिकीर होता असं म्हणून पुढे जाऊ नये. १८६६ च्या युद्धानंतर प्रशियानं हॅनोव्हर, नासाउ, हेसे-कासेल, श्लेस्विग-होल्श्टाइन आणि फ्रँकफुर्ट गिळंकृत केलं. माणूस विस्कॉन्सिनमध्ये नांगर धरून उभा होता आणि त्याचं जन्मस्थान पाठीमागे देश बदलत होतं. म्हणजे हा माणूस जुन्या हॅनोव्हर राज्यातला, हे पक्कं; पोमेरानिया, सायलेशिया, ऱ्हाइनलँड हे प्रशियाचे जुने प्रांत एका फटक्यात वगळता आले. एकदा फ्रान्स आणि एकदा जर्मनी अशी नोंद असेल तर फ्रान्सकडून जर्मनीकडे गेलेल्या अल्सास-लोरेनकडे बघावं. 'हॅम्बर्ग' किंवा 'ब्रेमेन' लिहिलेलं असेल तर मात्र सावध राहावं. बऱ्याचदा ते जन्मगाव नसतं, जहाज जिथून सुटलं ते बंदर असतं. 'डार्मश्टाट'चं तसंच, हेसे-डार्मश्टाट हे आख्खं राज्य होतं आणि लोक बोलताना 'हेसे' हा पहिला तुकडा खाऊन टाकत.

दर दहा वर्षांची खानेसुमारी वेगवेगळे प्रश्न विचारते, हेही ध्यानात ठेवावं. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. १८८० पासून आईबापांची जन्मस्थानं येतात. १९०० ची सगळ्यात उदार: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि त्यांतली हयात किती, अमेरिकेत कधी आलात, नागरिक झालात का. १९२० मध्ये नागरिकत्वाचं सालही आहे. मधली १८९० ची जवळजवळ सगळी गेली. वॉशिंग्टनमध्ये १९२१ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत काही कागद जळले, काही पाण्यानं भिजले, आणि उरलेलेही पुढे टिकवले गेले नाहीत. १८८५ च्या सुमारास आलेल्या आणि १९०० च्या आत वारलेल्या माणसाच्या आयुष्याला त्यामुळे मधोमध भोक पडतं.

गावाचं नाव शोधायचं तर शेवटापासून, म्हणजे माणसाच्या मरणापासून, मागे यावं. पण मृत्यूच्या सरकारी दाखल्यावर फार आस ठेवू नये. त्यातली माहिती मेलेला माणूस देत नाही. जावई देतो, नाहीतर सून. त्यांना 'जर्मनी' याच्यापुढे काही ठाऊक नसतं आणि सासऱ्याच्या आईचं माहेरचं नाव ते अंदाजानं ठोकून देतात. खरा ऐवज चर्चच्या दफनवहीत असतो. अमेरिकेतल्या जर्मन लुथरन, रिफॉर्म्ड आणि कॅथलिक मंडळींचे पाद्री बहुधा स्वतःच जर्मनीतून आलेले असत. 'तुमचं कुठलं?' हा प्रश्न त्यांना स्वाभाविक वाटे आणि उत्तरातलं गाव त्यांना नीट लिहिता येई. आयरिश वंशाचा खानेसुमारी कारकून ज्या नावाची चटणी करतो, तेच नाव पाद्री तालुक्यासकट शुद्ध लिहितो. दफनाच्या नोंदीत नसेल तर लग्नाच्या नोंदीत, तिथं नसेल तर पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या. मंडळी पुढे इंग्रजीत गेली, चर्चं एकमेकांत विलीन झाली, वह्या कधी सिनॉडच्या, म्हणजे चर्चांच्या मध्यवर्ती मंडळाच्या, संग्रहात तर कधी तळघरातल्या कपाटात गेल्या. चर्चचं आजचं नाव शोधून पहिल्या मंडळीपर्यंत मागे जाणं, हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत फळणारं काम.

त्याच्या जोडीला जर्मन भाषेतली वर्तमानपत्रं आणि थडग्यावरचा मजकूर. जुन्या थडग्यावर 'गेबोरेन इन', म्हणजे 'इथं जन्मला', या दोन शब्दांपुढे गाव कोरलेलं सापडतं. जन्मतारीख नसेल पण '७१ वर्षं ४ महिने १२ दिवस' असं वय असेल, तर मृत्यूच्या तारखेतून उलटं मोजून जन्मतारीख काढता येते. महिने ३० दिवसांचे धरले की ३१ चे, यानं एकदोन दिवसांचा फरक पडतो. पुढे तीच तारीख चर्चच्या वहीत जुळवताना हा फरक मनात असू द्यावा, नाहीतर हातातला खरा माणूस सोडून दिला जातो.

इतकं करूनही गाव मिळत नाही, असं पुष्कळदा होतं. मग त्या माणसाला बाजूला ठेवून त्याच्या भोवतीच्या माणसांकडे वळावं. नवखे लोक टाळतात ते नेमकं हेच. खेड्यातली माणसं एकेकटी अमेरिकेला जात नसत. आधी एक भाऊ, मग दोन बहिणी, मग शेजारी, मग शेजाऱ्याचा मेहुणा. खानेसुमारीत आपल्या घराच्या वरची दहा आणि खालची दहा घरं उतरवून घ्यावीत. लग्नाचे साक्षीदार, मुलांचे धर्मपिता-धर्ममाता, जमिनीच्या खरेदीतले शेजारी, नागरिकत्वाच्या अर्जावर सही करणारे, या सगळ्यांची नावं एका कागदावर आणावीत. तीच चार आडनावं फिरून फिरून येऊ लागतात. आपल्या माणसाचा मृत्युलेख कुणी छापला नसेल. पण ज्या बहिणीनं नव्वदी गाठली तिचा छापला असेल आणि त्यात गावाचं नाव असेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात लढलेला एखादा भाऊ असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली त्याची पेन्शनची फाइल मागवावी. विधवेला आपलं लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून गावाकडचे दाखले, नातेवाइकांच्या जबान्या, कधी तर कौटुंबिक बायबलचं फाडलेलं पानसुद्धा त्यात सापडतं.

नागरिकत्वाच्या कागदांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात आणि निराशाही तेवढीच. सप्टेंबर १९०६ च्या आधी कुठल्याही दप्तर राखणाऱ्या न्यायालयात अर्ज करता येई आणि त्यात बहुधा एवढंच असे की अमुक माणूस प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो आहे. राजाच्या नावावरून राज्य कळतं, गाव नाही. बायका १९२२ पर्यंत नवऱ्याच्या नागरिकत्वात आपोआप धरल्या जात, त्यामुळे त्यांचा वेगळा कागद शोधण्यात वेळ घालवू नये. मात्र १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली कुणी जमीन घेतली असेल तर त्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची प्रत लावलेली असते, आणि तो कुठल्या कोर्टात केला हे तिथूनच समजतं.

आता जहाजं. घराघरांत सांगतात, 'आमचे पणजोबा एलिस आयलंडवरून आले.' एलिस आयलंड हे न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला उघडलं. पणजोबा १८५४ ला आले असतील तर एलिस आयलंड राहोच, त्याच्या आधीचं न्यूयॉर्कचं केंद्र कॅसल गार्डनसुद्धा अजून उघडायचं होतं. ते १८५५ चं. शिवाय बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स आणि टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन याही वाटा होत्या. अमेरिकेत १८२० पासून उतारूंच्या याद्या ठेवल्या गेल्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांत सहसा देशाच्या पलीकडे काही नाही. गाव असतं ते निघण्याच्या बंदरावरच्या यादीत, आणि इथं नशिबाचा खेळ आहे. हॅम्बर्गच्या याद्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या टिकल्या आहेत आणि त्यांत उतारूचा शेवटचा मुक्काम लिहिलेला असतो. थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची वही वेगळी आणि इंग्लंडमार्गे, म्हणजे हलला उतरून आगगाडीनं लिव्हरपूल गाठून, जाणाऱ्यांची वेगळी. एकीत नाव नाही म्हणून हात झटकू नयेत. ब्रेमेनहून गेलेल्यांची संख्या प्रचंड, पण तिथल्या कारभाऱ्यांनी जागा नाही म्हणून १८७५ पासून जुन्या याद्या रद्दीत काढल्या आणि राहिलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. वाचल्या त्या मुख्यतः १९२० नंतरच्या. कपाटाच्या चार फळ्या वाचवण्यासाठी केवढ्या लोकांचं गाव पुसलं गेलं, याचा हिशेब त्या कारकुनांना कुणी विचारला नसेल.

दक्षिणेकडच्या बाडेन, व्युर्टेंबर्गसारख्या राज्यांतले पुष्कळ लोक फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून गेले. तिथल्या याद्यांचा भरवसा नाही, पण या राज्यांत देश सोडायला सरकारी परवानगी लागे. कर्जं फेडली का, लष्करी सेवा उरली आहे का, याची चौकशी होई आणि तिची फाइल बने. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या राज्य अभिलेखागारात अशा स्थलांतरितांची सूची ऑनलाइन चाळता येते. अर्थात लष्कर चुकवण्यासाठीच निघालेला पोरगा परवानगी मागायला कचेरीत जात नसे. बव्हेरियाच्या राज्यातल्या पॅलाटिनेटमधल्या काल्श्टाट गावचा फ्रीडरिख ट्रम्प १८८५ मध्ये सोळा वर्षांचा असताना ब्रेमेनहून निघाला तो असाच. पुढे पैसा कमावून तो गावी परतला, तेव्हा सेवा चुकवल्याचं प्रकरण निघालं आणि बव्हेरियानं त्याला १९०५ मध्ये परत धाडलं. त्याचा नातू अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण त्याच्या घरात कित्येक वर्षं आपण स्वीडिश असल्याचं सांगितलं जात होतं. टोमॅटो केचपवाल्या हाइन्झचे वडीलही याच चिमुकल्या काल्श्टाटचे.

जर्मन मूळ लपवण्याला तसं जुनं कारण होतं. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन असणं एकाएकी गुन्ह्यासारखं झालं. आयोवाच्या गव्हर्नरनं १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरसुद्धा, इंग्रजीखेरीज भाषा बोलायला बंदी घातली. साउअरक्राउटला, म्हणजे जर्मनांच्या आंबवलेल्या कोबीला, 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले. चर्चच्या वह्या जर्मनमधून इंग्रजीत गेल्या आणि घरातल्या आजोबांचं गाव मुलांच्या कानावर पडेनासं झालं. गंमत अशी की फ्रान्समध्ये जर्मनांशी लढणाऱ्या अमेरिकी फौजेचा सेनापती पर्शिंग याच्या घराण्याचं आडनावही मूळ जर्मन वळणाचंच. याच काळात नागरिक न झालेल्या जर्मनांना 'शत्रू परकीय' म्हणून नाव नोंदवावं लागलं. छायाचित्र, बोटांचे ठसे, जन्मस्थान सगळं त्या अर्जात आहे. जिथं हे अर्ज टिकले तिथं त्या अपमानाचा आज वंशजांना उपयोग होतो.

एलिस आयलंडच्या कारकुनानं आडनाव बदललं, ही कथा मात्र खुशाल सोडून द्यावी. तो जहाजावरून आलेली तयार यादी समोर ठेवून माणसं ताडून पाहत असे. नावं बदलली ती नंतर, हळूहळू, शेजाऱ्यांच्या जिभेवर आणि शाळेच्या हजेरीपटावर. हुबरचं हूवर, युंगचं यंग, कोखचं कुक, त्सिमरमानचं भाषांतर होऊन कार्पेंटर. दक्षिणेकडच्या बोलींत ब-प, द-त, ग-क यांची सरमिसळ असते, त्यामुळे सूचीत नाव सापडलं नाही तर पहिलं अक्षर बदलून पाहावं. तेही फसलं तर आडनाव गाळून फक्त पहिलं नाव, वय आणि तालुका घालावा.

पहिल्या नावातही मेख आहे. एकाच घरात योहान हाइनरिख, योहान गेओर्ग, योहान पेटर असे तीन सख्खे भाऊ असतात. योहान हे नुसतं शोभेचं. हाक मारायचं नाव दुसरं. अमेरिकेत हा माणूस हेन्री होतो आणि शोधणारा बिचारा जॉन धुंडाळत बसतो. वेस्टफालिया आणि ओस्नाब्र्युककडे आणखी तिढा: शेताच्या वारसदार मुलीशी लग्न केलं की नवराच त्या शेताचं नाव घेई. बापाचं एक आडनाव, मुलांचं दुसरं, आणि वहीत मधे 'गेनाण्ट', म्हणजे 'ऊर्फ'. पूर्व फ्रिसलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बापाचं नाव हेच आडनाव होतं आणि ते दर पिढीला पालटे.

गावाचं नाव मिळालं तरी ते अमेरिकी कानांनी ऐकलेलं असतं. ते पडताळायला १९१२-१३ मधला मायर्सचा स्थलकोश लागतो. साम्राज्यातली दोन लाखांहून जास्त गावं-वाड्या त्यात आहेत आणि तो ऑनलाइन शोधता येतो. प्रत्येक गाव कुठल्या तालुक्यात, नोंदणी कचेरी कुठली, चर्च गावातच की शेजारच्या गावात, हे त्यात मिळतं. शेवटची गोष्ट कळीची, कारण वाडीचं नाव हाती असून वही दुसऱ्याच गावच्या चर्चमध्ये असते. नोयश्टाट, नोयेनडोर्फ, हाउझेन अशा नावांची गावं ढिगानं आहेत. अशा वेळी ती खानेसुमारीतली 'हॅनोव्हर ते प्रशिया' ही ओळ कामी येते आणि यादी दोनतीन गावांवर येऊन ठेपते. पूर्वेकडची बरीचशी गावं आज पोलंडमध्ये आहेत. श्टेटिन आता श्चेचिन आहे आणि ब्रेस्लाउ व्रोत्सवाफ. तिथल्या वह्या काही पोलिश अभिलेखागारांत, काही बर्लिनमध्ये, काही बेपत्ता.

वह्यांच्या प्रतिमा तीन ठिकाणी पाहाव्यात: प्रोटेस्टंटांच्या बऱ्याचशा 'आर्किऑन'वर, पैसे भरून, कॅथलिकांच्या 'मात्रिकुला'वर, फुकट, आणि युटामधल्या 'फॅमिलीसर्च'च्या संग्रहात, ज्यातल्या काही फक्त त्यांच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत बसूनच उघडतात. १८७६ नंतरच्या सरकारी नोंदींसाठी कचेरीला पत्र टाकता येतं. जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं कचेरीत राहते आणि मग अभिलेखागारात जाऊन सर्वांना खुली होते.

आणि मग लिपी. आपल्याकडे मोडीचं जे झालं तेच तिकडे कुरेंट या जुन्या हस्तलिपीचं. आजचा शिकलेला जर्मन माणूसही आपल्या पणजीचं पत्र वाचू शकत नाही. 'ई' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, 'यू'वर चंद्रकोरीसारखी खूण असते, 'एच' रेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे लोंबतो. ही लिपी हातानं लिहून शिकावी. रोज अर्धा तास लिहिली की काही आठवड्यांत डोळा सरावतो. वही वाचताना त्या पाद्रीनं लिहिलेले ओळखीचे शब्द आधी हेरावेत, महिन्यांची नावं, बाप-आई हे शब्द, गावाचं नाव, आणि त्यांतून त्याच हस्ताक्षराची बाराखडी तयार करावी. तारखांत एक ठरलेला खड्डा आहे: '७बर' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर, '८बर' ऑक्टोबर, '९बर' नोव्हेंबर, '१०बर' डिसेंबर. लॅटिन सात-आठ-नऊ-दहाचा हा हिशेब विसरला की माणूस दोन महिने आधी जन्मतो. ऱ्हाईनच्या डाव्या काठावर १८०५ पर्यंत फ्रेंच क्रांतीची कालगणनाही भेटते.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली, नाव जुळलं, साल जुळलं, की लोक लगेच वंशवृक्षात फांदी जोडतात. थांबावं. लहानपणी मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, म्हणून आधी मृत्यूच्या वहीत त्या पोराचं दफन शोधावं. मग चौदा वर्षं पुढे जाऊन कन्फर्मेशनची, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये श्रद्धा पक्की करण्याच्या विधीची, नोंद पाहावी. मग लग्नाची वही: आपला माणूस १८५६ ला ओहायोत लग्न करतो आणि हा १८६० ला गावातच बोहल्यावर चढलेला दिसतो, तर हा आपला नव्हे. भावंडांची नावं, वयांची उतरंड आणि आईचं माहेर जुळलं पाहिजे. काही पाद्री समासात बारीक अक्षरात लिहून ठेवत: 'नाख अमेरिका', अमेरिकेला. ते दोन शब्द दिसले तर बाकीचा खटाटोप निम्म्यावर येतो, पण ते प्रत्येक वहीत नसतात.

नसतील तेव्हा तो दहा वर आणि दहा खाली घरांचा कागद पुन्हा काढावा आणि त्याच वहीची अलीकडची-पलीकडची वीस वर्षं चाळावीत. विस्कॉन्सिनमध्ये उजवीकडच्या शेतात राहणारा तो शेजारी इथं तीन पानं आधी बाप्तिस्मा घेताना भेटतो. त्याच्या धर्ममातेच्या रकान्यात आपल्या माणसाच्या आईचं नाव असतं.